बचत आपोआप व्हावी, खर्च विचारून व्हावा

"मावशी, एकदाच अंगठा लाव ना." माझा आठ वर्षांचा भाचा फोन माझ्यासमोर धरून उभा होता. मी दुसऱ्या कामात होते. स्क्रीनकडे नीट न बघता अंगठा टेकवला. एक हिरवी पेटी उघडली, चांदण्या उडाल्या आणि स्वारी नाचत निघून गेली. दोन मिनिटांनी पैसे वजा झाल्याचा मेसेज आला. त्याला जवळ घेऊन विचारलं, "अरे, यात पैसे गेले, माहीत आहे का तुला?" तो खरंच गोंधळला. "पैसे कुठे? मी तर डायमंड घेतले." त्याच्या लेखी माझा अंगठा ही गेममधलीच एक चावी होती, फक्त ती मावशीच्या हाताला असते एवढंच.

त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर एक अर्ज पडून होता. निवृत्तीच्या खात्यात दरमहा जाणारी रक्कम वाढवण्याचा. चार पानं, तीन सह्या आणि सोबत जोडायची कागदपत्रं. पाच महिने तो "उद्या भरू" म्हणून तसाच राहिला होता. पैसे जायला दोन सेकंद आणि पैसे साठायला पाच महिने. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहिले तेव्हा लक्षात आलं, की दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: आपण काहीच केलं नाही, तर काय होतं?

फोन, गेम किंवा खातं आपल्या हातात येतं तेव्हा त्यातल्या बऱ्याच गोष्टी कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेल्या असतात. कार्ड सेव्ह राहील की नाही, अनोळखी माणूस मुलाशी बोलू शकेल की नाही, पगारातून बचत कापली जाईल की नाही. यालाच ‘डीफॉल्ट’ म्हणतात. आपण हात लावला नाही, तर तेच कायम राहतं आणि बहुतेक माणसं हात लावत नाहीत. आळशी असतात म्हणून नव्हे, दिवसभरात दुसरी शंभर कामं असतात म्हणून. म्हणून मुलाचा गेम असो की स्वतःचं म्हातारपण, संयमाच्या शपथा घेण्याआधी हे डीफॉल्ट कुणाच्या सोयीचं आहे ते बघावं, असं माझं ठाम मत झालं आहे.

फुकट गेममध्ये पैसे कसे जातात

गेम फुकट डाउनलोड होतो. कमाई पुढे होते, आणि ती होताना पैसा पैशासारखा दिसू नये याची पुरेपूर काळजी घेतलेली असते. खऱ्या पैशांचे डायमंड होतात, डायमंडची चावी होते, चावीने पेटी उघडते. तीन वेळा रूप बदललं की मोठ्या माणसालाही मूळ किंमत सांगता येत नाही, मग आठ वर्षांच्या मुलाचं काय घेऊन बसलात?

त्यातही आकड्यांची एक खुबी असते. समजा, मुलाला हवी असलेली तलवार १०० डायमंडची आहे. पण डायमंड मिळतात ८० च्या किंवा २२० च्या पुड्यात. ८० कमी पडतात, म्हणून २२० घेतले जातात. तलवार घेऊन १२० उरतात. आता ते "वाया जातील" म्हणून आणखी एक १०० ची वस्तू. मग २० उरतात, त्यांचं काहीच येत नाही, आणि पुन्हा पुडा घ्यावासा वाटतो. हातात नेहमी थोडं उरलेलं राहावं, अशीच ही मांडणी असते.

पेटीचं गणित याहून खोल आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरं आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून एक गोष्ट दाखवली होती. कळ दाबल्यावर बक्षीस कधी मिळेल हे नक्की नसेल, तर प्राणी ती कळ थकेपर्यंत दाबत राहतो, आणि बक्षीस बंद केलं तरी लवकर थांबत नाही. गेममधली नशिबाची पेटी याच तत्त्वावर चालते. जपानमध्ये २०१२ साली ‘कॉम्प्लीट गाचा’ नावाच्या प्रकारावर सरकारने बंदी आणली. त्यात पेट्यांतून निघणाऱ्या चित्रांचा पूर्ण संच जमवला की मोठं बक्षीस मिळायचं. बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्या काही नामांकित गेममध्ये चक्क जुगार ठरवल्या. ॲपलने २०१७ च्या डिसेंबरपासून आपल्या ॲप स्टोअरवर, कोणती वस्तू निघण्याची शक्यता किती टक्के आहे, हे पेटी विकण्याआधी सांगणं बंधनकारक केलं.

ही टक्केवारी मुलाबरोबर बसून वाचा. दुर्मीळ वस्तूसमोर १ टक्का लिहिलेलं असेल, तर मुलाला वाटतं की १०० पेट्या उघडल्या की ती मिळणारच. तसं होत नाही. प्रत्येक पेटी नवी, मागच्या पेट्यांची तिला काही आठवण नसते. दर वेळी न मिळण्याची शक्यता ९९ टक्के. ती १०० वेळा गुणत गेलं की उत्तर येतं साधारण ३७ टक्के. म्हणजे १०० मुलांनी प्रत्येकी १०० पेट्या उघडल्या, तर त्यांतल्या सुमारे ३७ जणांच्या हाती ती वस्तू येणारच नाही. (काही गेममध्ये ठरावीक पेट्यांनंतर वस्तू नक्की देतात. तसं असेल तर तिथे लिहिलेलं असतं, आणि मग तिथवर पोचायला लागणारा खर्च हीच त्या वस्तूची खरी किंमत.) मी भाच्याबरोबर कागदाच्या १०० चिठ्ठ्या केल्या, एकीवर तारा काढला. चिठ्ठी काढायची, बघायची आणि पुन्हा डब्यात टाकायची. चाळीस चिठ्ठ्यांनंतर तो म्हणाला, "यात तारा टाकलाच नाहीस तू." डबा उपडा करून तारा दाखवला, तेव्हा बराच वेळ तो गप्प बसला होता. कुठल्याही उपदेशाने जे झालं नसतं ते त्या डब्याने केलं.

मग येतं बटण. ग्राहकांचं हित पाहणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगाने ‘फोर्टनाइट’ या गेमच्या एपिक गेम्स कंपनीवर ठपका ठेवला होता. थांबून राहिलेला गेम पुन्हा चालू होत असताना किंवा वस्तू फक्त निरखून बघताना एक बटण दाबलं गेलं तरी खरेदी होऊन जायची, आणि बटणांची रचनाही गोंधळात टाकणारी होती, असं आयोगाचं म्हणणं. मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा केली, आणि आवाजी व लेखी गप्पा आधीपासूनच चालू ठेवल्या, हाही आरोप होता. डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली. ग्राहकांना परत देण्यासाठी २४.५ कोटी डॉलर आणि मुलांच्या खासगीपणाबद्दल २७.५ कोटी डॉलर दंड. त्याआधी जानेवारी २०१४ मध्ये ॲपलने किमान ३.२५ कोटी डॉलर परत करायचं मान्य केलं होतं. तिथे तक्रार अशी होती, की पालकांनी एकदा पासवर्ड टाकला की पुढची १५ मिनिटं मूल पासवर्डशिवाय हवी तेवढी खरेदी करू शकत होतं, आणि हे पालकांना कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन "प्रत्येक खरेदीला पासवर्ड" हा पर्याय निवडा. गेमच्या खात्यात कार्ड सेव्ह ठेवू नका. मुलाला वेगळं खातं काढून ते तुमच्या खात्याला जोडा, म्हणजे त्याने काही घ्यायचं म्हटलं की परवानगीची विनंती तुमच्या फोनवर येईल. गूगलच्या ‘फॅमिली लिंक’मध्ये आणि ॲपलच्या ‘फॅमिली शेअरिंग’मध्ये ही सोय आहे. आणि एक गोष्ट घराघरांत राहून जाते: मुलाला फोन उघडता यावा म्हणून आपण त्याच्या बोटाचा ठसाही फोनमध्ये नोंदवून ठेवतो. खरेदीला बोटाच्या ठशाची मंजुरी चालू असेल, तर तोच ठसा तिथेही चालतो. तो आजच काढून टाका. शिवाय मूल ज्या फोनवर खेळतं त्याच फोनवर ओटीपी येत असेल, तर ओटीपीचा पहारा नावापुरताच राहतो.

गेममधला अनोळखी मित्र

पैसे गेले तर परत कमावता येतात. गप्पांच्या खिडकीतून येणारा धोका त्या जातीचा नाही, म्हणून तिथे जास्त जपायला हवं. वाईट हेतूने आलेला माणूस पहिल्या दिवशी वाईट वागत नाही. तो चांगला खेळतो, हरणाऱ्या मुलाला वाचवतो, एखादी स्किन, म्हणजे खेळातल्या पात्राचा नवा पोशाख, भेट देतो. मग म्हणतो, "इथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू." मग एखादा फोटो मागतो, शाळेचं नाव विचारतो. आणि शेवटी, "घरी सांगू नकोस हं, ते गेम बंद करतील."

हे शेवटचं वाक्य चालतं ते आपल्यामुळे. "पुन्हा असं काही दिसलं तर फोनच काढून घेईन" अशी धमकी आपण आधीच देऊन ठेवलेली असते, आणि समोरचा माणूस तिचाच उपयोग करतो. मुलाला हे शांतपणे, आधीच सांगून ठेवायला हवं: कुणी फोटो मागितला, भेट देऊ केली किंवा गुपित ठेवायला सांगितलं, तर मला सांग, मी तुझा गेम बंद करणार नाही. आणि तसं झालं तर शब्द पाळायचा. चॅटचे फोटो काढून ठेवायचे, त्या माणसाची गेममध्ये तक्रार करून त्याला ब्लॉक करायचं, आणि धमकी किंवा फोटोचा मामला असेल तर पोलिसांकडे जायचं. ते खातं किंवा संदेश घाईने पुसू नका, तोच पुरावा असतो.

सेटिंगपुरतं बोलायचं तर आवाजी गप्पा बंद किंवा फक्त ओळखीच्या मित्रांपुरत्या, मैत्रीच्या विनंत्या बंद, गेमला लोकेशन आणि फोटोंची परवानगी नाही, आणि खेळताना नाव टोपणनाव. त्यात जन्मसाल किंवा शाळा नको. वयाचं मानांकनही पाहावं. युरोपातल्या पेगी पद्धतीत ३, ७, १२, १६ आणि १८ असे टप्पे असतात. मात्र ते मुख्यतः गेममध्ये काय दाखवलं जातं यावर ठरत आले आहेत, तिथे कोण भेटेल यावर नाही.

किती वेळ खेळावं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि मिनिटं मोजण्याला मी फारसं महत्त्व देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंग डिसऑर्डरचा समावेश केला, ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात तासांची अट नाहीच. खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणं, हे साधारण १२ महिने टिकलं आणि त्याने आयुष्य विस्कटलं तर तो विकार. झोप, अभ्यास, मैत्री, जेवण ठीक चाललं असेल तर घाबरून जाऊ नका.

आता तुमचं म्हातारपण

जर्मनीत १८८९ मध्ये वृद्धांसाठी पेन्शनचा कायदा झाला तेव्हा वयाची अट ७० होती, आणि तिथवर पोचणारे थोडेच होते. आज साठीनंतर पंचवीस-तीस वर्षांचं आयुष्य गृहीत धरून चालावं लागतं. म्हणजे जवळपास जेवढी वर्षं कमावलं तेवढीच वर्षं कमाईशिवाय काढायची. याचं ओझं मनावर येतं, म्हणूनच माणूस तो अर्ज टेबलावर ठेवून देतो.

इथेही डीफॉल्ट काय करतं ते बघा. ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शी यांनी २००१ मध्ये एका अमेरिकी कंपनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्वी कर्मचाऱ्याने स्वतः अर्ज केला तरच निवृत्ती योजनेत नाव लागायचं, तेव्हा नव्या कर्मचाऱ्यांपैकी निम्मेही त्यात येत नव्हते. कंपनीने नियम उलटा केला: नाव आपोआप लागेल, नको असेल त्याने कळवावं. सहभाग ८६ टक्क्यांवर गेला. माणसं तशीच, पगार तसेच. ब्रिटनने २०१२ पासून हीच पद्धत देशभर टप्प्याटप्प्याने आणली. पण याच अभ्यासात एक कडू भागही आहे. कंपनीने सुरुवातीला ३ टक्के हा लहानसा हप्ता ठरवून दिला होता आणि बरेच जण त्यावरच थांबले. आपोआप सुरू झालेली बचत पुरेशी आहे, असं बहुधा ते धरून चालले.

त्यावरचा उपाय रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी काढला: आज काही वाढवू नका, पण पुढची पगारवाढ होईल तेव्हा तिच्यातला काही भाग बचतीत जाईल असं आजच लिहून द्या. हातात येणारा पगार कमी होत नाही, म्हणून मन अडत नाही. पहिल्या प्रयोगात सहभागी कर्मचाऱ्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली.

आता थोडं गणित. दरमहा १,००० बाजूला पडतात आणि त्यावर वर्षाला ८ टक्के वाढ मिळते असं समजा. २५ व्या वर्षी सुरू केलं तर साठीला सुमारे २२.९ लाख होतात. ३५ व्या वर्षी सुरू केलं तर ९.५ लाख. ४५ व्या वर्षी, साडेतीन लाखांच्या आत. पहिल्या दहा वर्षांत भरलेले पैसे फक्त १.२ लाख, पण फरक १३ लाखांहून जास्त. कारण व्याजावर व्याज चढायला वेळ लागतो, आणि वेळ मागाहून भरता येत नाही.

पण इथेच थांबणारे लेख अर्धंच सांगतात. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर ३५ वर्षांनंतरच्या त्या २२.९ लाखांत आज सुमारे ३ लाखांत येतं तेवढंच येईल. ही गोष्ट मला कुणी वेळेवर सांगितली असती तर बरं झालं असतं. हप्ता ३५ वर्षं तोच ठेवणं पुरत नाही, पगाराबरोबर तो वाढला पाहिजे. तोच १,००० चा हप्ता दर वर्षी ६ टक्क्यांनी वाढवत नेला, तर साठीला ४६ लाखांच्या वर जमतात, दुपटीहून थोडे जास्त. म्हणून थेलर-बेनार्ट्झींची युक्ती मला इतकी मोलाची वाटते.

खर्चाकडेही बघा. एखादी योजना शुल्कापोटी वर्षाला १ टक्का घेत असेल आणि ८ ऐवजी ७ टक्केच हाती येत असतील, तर २२.९ ऐवजी १८ लाख मिळतात. गेलेले ४.९ लाख हे तुम्ही ३५ वर्षांत भरलेल्या एकूण ४.२ लाखांपेक्षाही जास्त आहेत. १ टक्का ऐकायला किरकोळ वाटतो.

किती जमवायचं, याला एक ढोबळ माप आहे. विल्यम बेन्गेन या आर्थिक सल्लागारांनी १९९४ मध्ये अमेरिकेच्या जुन्या आकड्यांवरून काढलं, की पहिल्या वर्षी जमा रकमेच्या ४ टक्के काढले आणि पुढे महागाईनुसार वाढवत नेले, तर पैसे ३० वर्षं पुरत आले आहेत. उलटं करून सांगायचं तर वर्षाच्या खर्चाच्या २५ पट. हा एका देशाचा इतिहास आहे, हमी नाही. तरी कुठे जायचं आहे हे न कळण्यापेक्षा हे बरं.

आणि आईवडिलांना एक कळकळीची विनंती. मुलांसाठी म्हणून स्वतःची निवृत्तीची बचत मोडू नका. शिक्षणाला कर्ज मिळू शकतं, शिष्यवृत्ती मिळू शकते. म्हातारपणासाठी सहसा कुणी कर्ज देत नाही, आणि मग तो भार त्याच मुलांच्या खांद्यावर जातो. निवृत्तीच्या खात्यातून मध्येच पैसे काढायला अडचण येते म्हणून लोक चिडतात. मला मात्र ती अडचण हवीशी वाटते. गेमच्या खरेदीवर आपण जो पासवर्ड लावतो, तेच काम ती करते.

हॅल हर्शफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आभासी जगात काही जणांना त्यांचाच म्हातारा झालेला चेहरा दाखवला. ज्यांनी तो पाहिला त्यांनी निवृत्तीसाठी इतरांपेक्षा जास्त पैसे बाजूला काढायची तयारी दाखवली. मुलं स्क्रीनवरच्या आपल्या छोट्या पुतळ्याला नवे कपडे घेतात कारण तो त्यांना "मी" वाटतो. आपल्याला सत्तरीतला माणूस "मी" वाटत नाही, एवढीच अडचण आहे.

तो अर्ज मी शेवटी एका शनिवारी सकाळी भरला. शेजारी बसवून भाच्याच्या फोनच्या सेटिंगही त्याच तासात केल्या. त्याला महिन्याला एक ठरावीक रक्कम गेमसाठी दिली आहे, ती संपली की संपली. हिशेब तो वहीत लिहितो, डायमंडमध्ये नाही, खऱ्या पैशांत. कधी मुलाच्या हातून मोठी खरेदी झालीच, तर आधी त्याला जवळ घ्या आणि त्याच दिवशी स्टोअरकडे परताव्याची विनंती करा. उशीर झाला तर पैसे परत मिळणं अवघड होत जातं. आणि नवा फोन घेतला, नवा गेम उतरवला किंवा नोकरी बदलली, की सगळं पुन्हा एकदा तपासा. नव्या गेममध्ये गप्पा चालू असू शकतात, नव्या नोकरीत बचतीचा हप्ता परत पहिल्या पायरीवर येऊ शकतो.